भायखळ्याचा बाजार ते बालीचा किनारा

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातील गोष्ट. मुंबईच्या भायखळा बाजारातील दिवसभराची विक्री आटोपली, दुकानदार घरी गेले आणि त्या रिकाम्या शेडमध्ये रात्री एक लग्न लागले. एका कोपऱ्यात नवऱ्याकडची मंडळी, दुसऱ्या कोपऱ्यात नवरीकडची. बाजाराचे दगडी ओटे हेच पाहुण्यांचे बाक आणि ओट्यांखालून गटाराचे पाणी वाहत होते. सकाळी बाजार भरण्याआधी जागा मोकळी करून देणे भाग होते. नवरदेव होता शाळेत शिकणारा भीमराव आणि नवरी होती रमाबाई. धनंजय कीर यांनी लिहिलेल्या चरित्रात या विवाहाचे वर्णन आहे आणि चळवळीतील घराघरांत ते सांगितले जाते.

ही आठवण आज काढण्याचे कारण एक निमंत्रणपत्रिका. आमच्या एका जुन्या कार्यकर्त्या मित्राने ती मोबाईलवर दाखविली. सर्वांत वर तथागतांची मूर्ती, तिच्या शेजारी बाबासाहेबांचे छायाचित्र, खाली तीन दिवसांचा कार्यक्रम: हळदी, संगीत, मंगलपरिणय, कॉकटेल. स्थळ इंडोनेशियातील बाली बेटावरचे समुद्राकाठचे हॉटेल. नवरदेवाचे वडील निवृत्त अधिकारी. त्यांच्या मॅट्रिकच्या परीक्षेची फी आमच्या या मित्राने गिरणीच्या पगारातून भरली होती. नात्याने हा त्यांचा चुलता. वय ऐंशीच्या घरात, पासपोर्ट कधी काढलेला नाही. आधार कार्डावरचे नाव आणि शाळेच्या दाखल्यावरचे नाव जुळत नाही, म्हणून आता तो लवकर निघण्याची आशाही नाही. मित्र रागावलेला नव्हता. त्याने एवढेच विचारले, ''बाली कुठं आलं हो?''

या प्रश्नाचे उत्तर नकाशात सापडते. परंतु तो प्रश्न नकाशाचा नाही. गेल्या काही वर्षांत परदेशात जाऊन लग्न करण्याचे लोण नटनट्या आणि उद्योगपती यांच्याकडून सुशिक्षित मध्यमवर्गापर्यंत आले. २०१७ च्या डिसेंबरात क्रिकेटपटू विराट कोहली आणि अभिनेत्री अनुष्का शर्मा यांचा विवाह इटलीत झाला. पुढच्याच वर्षी नोव्हेंबरात दीपिका पदुकोण आणि रणवीर सिंग यांनीही इटलीतील कोमो सरोवराचा काठ निवडला. २०२४ मध्ये अंबानी कुटुंबातील विवाहाचा सोहळा जामनगरपासून इटली-फ्रान्सच्या समुद्रातील जहाजापर्यंत महिनोन्महिने चालला. ज्यांच्याकडे मोजता येत नाही इतका पैसा आहे त्यांनी तो कसा उधळावा, हा आमच्या चिंतेचा विषय नाही. चिंतेचा विषय हा की, त्यांचे अनुकरण आता आमच्या घरात शिरले आहे. त्यांनी इटली निवडली म्हणून आम्ही बाली, फुकेत आणि श्रीलंका निवडतो. फरक फक्त विमानाच्या तिकिटाचा!

पंतप्रधानांनीही या विषयावर मत व्यक्त केले आहे. २६ नोव्हेंबर २०२३ च्या 'मन की बात'मध्ये त्यांनी श्रीमंत कुटुंबांना परदेशाऐवजी देशातच लग्ने करण्याचे आवाहन केले. देशाचा पैसा देशात राहावा, हा त्यांचा मुद्दा. व्यापाराच्या दृष्टीने तो ठीक असेल, पण आमच्या समाजाचा प्रश्न त्याने सुटत नाही. बालीऐवजी उदयपूर केले म्हणून काय बदलले? ज्या संस्थानी राजवाड्यांच्या दारात आमच्या वाडवडिलांनी वेठबिगारी केली, तेच राजवाडे दोन रात्री भाड्याने घेऊन आम्ही त्यात राजे-महाराजांच्या वेषात छायाचित्रे काढणार असू, तर पैसा देशात राहील. विचार मात्र कोठे राहील?

येथे काही तरुण वाचक आक्षेप घेतील. तो आक्षेप खोटा नाही, म्हणून त्याचा प्रामाणिकपणे विचार केला पाहिजे. ते विचारतात, सवर्णांनी खर्च केला की तो वैभवाचा विषय होतो आणि आम्ही केला की लगेच साधेपणाचा उपदेश का? आमच्या माणसाने आयुष्यभर साधेच राहायचे काय? बाबासाहेब स्वतः उत्तम कपडे घालत नव्हते काय?

हे म्हणणे बिनबुडाचे नाही. या देशात दलिताचे लग्न हा कधीच नुसता घरगुती समारंभ नव्हता. वरात कोणत्या रस्त्याने न्यायची, नवरदेवाने घोड्यावर बसायचे की नाही, वाजंत्री कोठे थांबवायची, हे दुसऱ्यांनी ठरविले. ही फार जुनी गोष्ट नाही. २०१८ मध्ये उत्तर प्रदेशातील कासगंज जिल्ह्यातील निजामपूर या गावात एका दलित नवरदेवाला ठाकुरांच्या वस्तीतून वरात नेता यावी म्हणून उच्च न्यायालयापर्यंत धाव घ्यावी लागली. त्या वर्षीच्या जुलैत पोलिसांच्या मोठ्या बंदोबस्तात ती वरात निघाली. आमच्या शहरांतही हॉलची चौकशी करताना आधी आडनाव विचारले जाते, हा अनुभव कित्येकांच्या गाठी आहे. अशा समाजातील मुलामुलींना जेथे कोणी जात विचारणार नाही अशा परक्या किनाऱ्यावर मोकळा श्वास घ्यावासा वाटला, तर त्यांना दोष कसा देता येईल? ज्याला रस्ता नाकारला त्याला थाटाचा मोह होणे हे माणसासारखेच आहे.

पण येथेच एक भेद लक्षात घ्यायला हवा. निजामपूरची वरात ज्यांनी मनाई केली त्यांच्याच डोळ्यांदेखत, त्याच गल्लीतून गेली. त्या वरातीने एक रस्ता मोकळा केला. उद्या त्या गावातल्या दुसऱ्या मुलाला तो रस्ता निदान मागता तरी येईल. बालीच्या किनाऱ्यावर आम्हाला कोणी मनाई केलेली नव्हती. तेथे जो पैसे भरतो त्याचे स्वागत होते. त्या स्वागतात सुख आहे हे मान्य. पण त्याने कोणाचा अधिकार वाढला? गावातला रस्ता जसा होता तसाच राहिला आणि त्या रस्त्यावर राहणारी आमची माणसे निमंत्रितांच्या यादीतून गळाली. स्वाभिमान आणि चैन यांच्यात एवढेच अंतर आहे. स्वाभिमानाचा लाभ सर्वांना होतो, चैन ज्याची त्याच्यापुरती असते.

लग्नाचे स्थळ म्हणजे नुसती जागा नव्हे. स्थळ ठरले की पाहुणे ठरतात. गावातील समाजमंदिरात लग्न असेल तर ऊसतोडीहून परतलेला मामा येतो, घरकाम करणारी मावशी एक दिवसाचा खाडा करून येते, शेजारची म्हातारी काठी टेकत येते. स्थळ समुद्रापलीकडे गेले की पासपोर्ट, तिकीट, आठवड्याची रजा आणि तेथे शोभतील असे कपडे, एवढ्या चाळण्या लागतात. या चाळण्यांतून खाली उरतात ते साहेबांचे सहकारी, व्याह्यांचे श्रीमंत मित्र आणि छायाचित्रकार. कोणी कोणाला 'येऊ नका' म्हणत नाही. म्हणण्याची गरजच पडत नाही. माणसाला न सांगता बाहेर ठेवण्याची ही रीत आमच्या ओळखीची आहे. ती आमच्यावर हजारो वर्षे चालविली गेली. आज आम्ही ती आपल्याच चुलत्यावर चालवावी?

आता विधीकडे वळू. ४ डिसेंबर १९५६ रोजी, म्हणजे महापरिनिर्वाणाच्या दोनच दिवस आधी, बाबासाहेबांनी एका पत्रात बौद्ध विवाहाची पद्धत लिहून कळविली. होम नाही, सप्तपदी नाही. वधूवरांच्या मध्ये स्टुलावर एक नवे मातीचे मडके, ते काठोकाठ पाण्याने भरलेले. त्यात सोडलेल्या सुताची टोके दोघांच्या हातात. कोणीतरी मंगलसुत्त म्हणावे. दोघांची वस्त्रे पांढरी. बस्स, एवढेच! देशाची घटना लिहिणाऱ्या माणसाने शेवटच्या दिवसांत वेळ काढून लिहिलेला हा विवाहविधी पाहा. या सामग्रीत महाराष्ट्रातील कोणत्याही झोपडीत मिळणार नाही असे काहीही नाही. हे सहज घडलेले नाही. गरिबातल्या गरिबाला कर्ज न काढता आणि पुरोहिताच्या दारात न जाता लग्न करता यावे, हाच त्या मडक्याचा आणि सुताचा अर्थ आहे.

ही वाट त्याआधी महात्मा फुल्यांनी दाखविली होती. २४ सप्टेंबर १८७३ ला सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला पुण्यात भटजीवाचून पहिला सत्यशोधक विवाह लागला. सावित्रीबाईंनी त्यासाठी पुढाकार घेतला. दक्षिणा, मुहूर्त आणि मानपान यांच्या ओझ्यातून शूद्रातिशूद्रांना सोडविण्यासाठी तो खटाटोप होता. आज दीडशे वर्षांनंतर आम्ही एक नवा भटजी घरात आणला आहे. त्याचे नाव वेडिंग प्लॅनर! मुहूर्त तोच काढतो. हॉटेलचा हंगाम पाहून. दक्षिणा तो आगाऊ घेतो. आणि कोणते विधी करायचे हेही तोच सांगतो. हळदी, मेहंदी, संगीत, वरमाला, मंडप हे सारे त्याच्या पॅकेजमध्ये ठरलेले असते. बावीस प्रतिज्ञा घेऊन जे आम्ही दारातून बाहेर काढले, ते हॉटेलच्या बिलात जोडून परत आत येते. त्रिशरण-पंचशील मात्र संगीत आणि कॉकटेल यांच्या मध्ये वीस मिनिटांत उरकले जाते. सायंकाळी वधूवरांनी सर्वांसमक्ष मद्यापासून अलिप्त राहण्याचे शील घ्यायचे आणि दोन तासांनी त्यांच्याच नावाने प्याले उंचावायचे, हा धम्माचा विनोद नाही तर काय आहे?

काही कुटुंबे म्हणतात, आम्ही मुद्दाम बौद्ध देश निवडला. थायलंड, श्रीलंका हे बुद्धाचे देश. तेथील भिक्खूंच्या हातून लग्न लागावे. भावना चांगली आहे, पण माहिती अपुरी आहे. थेरवादी परंपरेत भिक्खू लग्न लावीत नाहीत. विवाह जुळविणे तर विनयाने भिक्खूला निषिद्ध आहे. थायलंडमध्ये सकाळी भिक्खूंना भोजनदान होते, ते परित्राण पठण करून आशीर्वाद देतात. वधूवरांच्या हातांवर शंखातून पाणी ओततात ते घरातील वडीलधारे. म्हणजे ज्या देशात आम्ही धम्म शोधायला जातो, तेथेही लग्न लागते ते चुलत्या-मामांच्या हातांनी! आणि आम्ही त्याच चुलत्या-मामांना मागे ठेवून तेथे जातो.

बौद्ध देशात जाणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हॉटेलांनी तथागतांची मूर्ती शोभेची वस्तू करून टाकली आहे. पोहण्याच्या तलावाशेजारी बुद्ध, मद्याच्या काउंटरमागे बुद्ध, छायाचित्रासाठी पाठ करून उभे राहायला बुद्ध! तेथील लोकांना हे खपत नाही. २०१२ मध्ये श्रीलंकेत मूर्तीचे चुंबन घेतानाची छायाचित्रे काढल्याबद्दल फ्रान्सच्या तीन पर्यटकांना न्यायालयाने शिक्षा सुनावली; ती पुढे स्थगित ठेवण्यात आली. २०१५ मध्ये म्यानमारमध्ये कानांना हेडफोन लावलेल्या बुद्धाचे चित्र जाहिरातीत वापरले म्हणून न्यूझीलंडच्या एका बार व्यवस्थापकाला तुरुंगात जावे लागले. शिक्षा योग्य की अयोग्य, हा वाद वेगळा. पण बुद्धाला शरण जाणाऱ्यांनी त्याच्या मूर्तीची सजावट करू नये, एवढे तर कायद्याशिवायही कळावे.

आता कायद्याची बाजू. परदेशातील किनाऱ्यावर फुलांच्या कमानीखाली जे होते ते बहुतेक वेळा नुसता समारंभ असतो. विदेशी विवाह कायदा, १९६९ नुसार आपल्या वकिलातीतील विवाह अधिकाऱ्यापुढे लग्न करायचे तर नोटीस देण्यापूर्वी वधूवरांपैकी एकाने त्याच्या क्षेत्रात किमान ३० दिवस राहिलेले असले पाहिजे. तीन दिवसांच्या पाहुण्यांना ते शक्य नाही. थायलंडच्या कायद्याने लग्न होते ते जिल्हा कचेरीतील नोंदणीने. त्यासाठी आपल्या वकिलातीचे प्रतिज्ञापत्र आणि त्याचे प्रमाणित थाई भाषांतर लागते. इंडोनेशियाच्या १९७४ च्या कायद्यात आधी धार्मिक विधी आणि मग नोंदणी असा क्रम आहे. एवढ्या कागदांच्या भानगडीत न पडता बहुतेक कुटुंबे तेथे छायाचित्रे काढून येतात आणि नोंदणीचे मग पाहू म्हणतात.

हे 'मग पाहू' मुलीच्या अंगाशी येते. बौद्धांनाही आज हिंदू विवाह कायदा, १९५५ लागू आहे. या कायद्याखालील विवाह विधीवाचून नुसत्या नोंदणी प्रमाणपत्राने सिद्ध होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९ एप्रिल २०२४ च्या निकालात स्पष्ट केले. उद्या संसारात वाद उभा राहिला, तर विधी कोठे झाला, कोणी लावला, साक्षीदार कोण, हे सिद्ध करायला त्या मुलीने हॉटेलच्या व्यवस्थापकाला बालीहून बोलवायचे काय? यावर सोपा उपाय आहे. विशेष विवाह कायदा, १९५४ खाली आपल्या जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडे जावे. जिल्ह्यात दोघांपैकी एकाचे ३० दिवसांचे वास्तव्य, ३० दिवसांची नोटीस आणि तीन साक्षीदार एवढे पुरे होते. या लग्नाला ना जातीचा दाखला लागतो, ना पुरोहित. १५ एप्रिल १९४८ रोजी बाबासाहेबांनी डॉ. शारदा कबीर यांच्याशी दिल्लीत आपल्या राहत्या घरी, मोजक्या माणसांच्या उपस्थितीत, नोंदणी पद्धतीनेच विवाह केला. तेव्हा ते देशाचे कायदामंत्री होते. त्यांना हवी ती जागा मिळाली असती; त्यांनी घराची बैठक निवडली.

खर्च कोण करतो, हाही प्रश्न टाळता येणार नाही. आमच्या समाजात हुंडा नाही, असे आम्ही अभिमानाने सांगतो. पण 'पाहुण्यांच्या खोल्या तुमच्याकडे, तिकिटे निम्मी-निम्मी' अशी बोलणी होतात तेव्हा मुलीचा बाप भविष्यनिर्वाह निधीतून पैसे काढतो, हे काय आहे? २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी हजारो भगिनींना सांगितले होते की, लग्नाची घाई करू नका आणि पत्नीने पतीची दासी नव्हे, तर बरोबरीची मैत्रीण म्हणून उभे राहावे. बापाच्या डोक्यावर कर्ज ठेवून सासरी गेलेली मुलगी बरोबरीने उभी कशी राहणार? लग्नाच्या पहिल्याच दिवशी तिची मान त्या कर्जाने वाकविलेली असते.

परदेश आम्हाला वर्ज्य नाही, हे येथे ठासून सांगतो. बाबासाहेब १९१३ मध्ये न्यूयॉर्कला गेले ते बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर, ज्ञानासाठी. बौद्ध धम्म लोकांच्या जीवनात कसा वावरतो हे पाहण्यासाठी ते १९५० मध्ये श्रीलंकेला गेले. १९५४ मध्ये रंगूनला आणि अखेरच्या आजारातही काठमांडूला गेले. जी मुले-मुली आज लंडन, न्यू जर्सी किंवा दुबईत नोकरीला आहेत, त्यांनी तेथे लग्न केले तर त्यात गैर काहीच नाही. ते त्यांचे घर आहे. लग्नानंतर जोडप्याने जगात कोठेही खुशाल फिरायला जावे. लंडनला गेलात तर १० किंग हेन्रीज रोडवरील बाबासाहेबांचे निवासस्थान जरूर पाहावे. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये ते विकत घेतले. आमचा विरोध प्रवासाला नाही. माणसे मागे टाकण्याला आहे.

म्हणून समाजातील सुस्थितीतल्या कुटुंबांना काही गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. नोंदणी आधी इथे करावी. मंगलपरिणय आपल्या वस्तीत, विहारात किंवा समाजमंदिरात, भन्ते किंवा बौद्धाचार्यांच्या उपस्थितीत, सर्व नातलगांसमोर व्हावा. त्यानंतर हौस उरली असेल तर ती मुलामुलींनी स्वतःच्या कमाईतून भागवावी. कर्जातून नव्हे आणि मुलीच्या बापाकडून तर नव्हेच. आणि १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी धम्मकार्यासाठी उत्पन्नाचा विसावा हिस्सा द्यावा असे सांगितले होते, तो हिशेब लग्नाच्या खर्चालाही लावावा. २० लाखांचे लग्न असेल तर १ लाख रुपये एखाद्या वसतिगृहाला जावेत. आज लग्नाचे स्थळ निवडणाऱ्या कित्येक वडिलांचे शिक्षण मिलिंद महाविद्यालयाच्या किंवा तशाच एखाद्या वसतिगृहात झाले आहे. तेथे जेवणाचे ताट त्यांना कोणाच्या तरी वर्गणीतून मिळाले होते.

आमच्यासारख्या वृत्तपत्रांनाही यातून सुटका नाही. नेत्यांच्या आणि अधिकाऱ्यांच्या घरच्या भपकेबाज लग्नांची छायाचित्रे आम्हीच छापतो. ज्या दिवशी मडके आणि सूत घेऊन लागलेल्या लग्नाची बातमी त्याच आकाराने छापू, त्या दिवशी या उपदेशाचा अधिकार आम्हाला पुरता मिळेल.

भायखळ्याच्या बाजारात लग्न लागले ते गरिबीने. त्याचे गोडवे गाऊन कोणी पुन्हा गटाराच्या काठावर बसावे असे आम्ही म्हणत नाही. चांगला हॉल घ्या, चांगले जेवण द्या, चांगले कपडे घाला; तो तुमचा हक्क आहे आणि तो लढून मिळविलेला आहे. फक्त स्थळ ठरविताना एवढे पाहा की, ज्या चुलत्याने परीक्षेची फी भरली, त्याला तेथे एस.टी.ने येता येईल आणि पहिल्या रांगेत बसता येईल.